पाढ्यांच्या पुढे: वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

गेल्या अंकात मी एक प्रश्न विचारला होता. शंभराच्या आत अशा कोणत्या संख्या आहेत, ज्या पाहताक्षणी मूळ वाटतात पण मूळ नाहीत? पत्रं भरपूर आली. सर्वांत जास्त वाचकांनी ९१ लिहिलं आणि ते रास्तच आहे. तेरा सत्ते एक्याण्णव. त्याखालोखाल ५१, ५७ आणि ८७. सतरा त्रिक एक्कावन्न, एकोणीस त्रिक सत्तावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी. ज्याला तिसापर्यंतचे पाढे तोंडपाठ आहेत त्याला या चारपैकी एकही संख्या फसवू शकत नाही. हे पाढे घरांतून म्हटले जाईनासे झाले याचं मला मनापासून वाईट वाटतं. पाढा म्हणजे पटांची यादी, आणि पटांची यादी पाठ असेल तर विभाजक आपोआप दिसतात. या वेळचे सगळे प्रश्न याच विषयावरचे घेतले आहेत.

बाई, माझी मुलगी सहावीत आहे. 'सर्व विभाजक लिहा' असा प्रश्न आला की तिचे एक-दोन हमखास सुटतात. परवा ८४ चे लिहिताना २१ आणि २८ राहिले. विभाजक आणि पट यांतही तिचा गोंधळ होतो. घरी सराव कसा घ्यावा? (एक आई, बार्शी)

आधी गोंधळाचं बघू. ८४ ला ज्या संख्यांनी नि:शेष भाग जातो ते तिचे विभाजक. ८४ च्या पाढ्यात ज्या येतात त्या तिच्या पटी: ८४, १६८, २५२, ३३६... ही यादी कधी संपत नाही. विभाजकांची यादी मात्र ८४ पाशी संपते, कारण ८४ पेक्षा मोठ्या संख्येनं ८४ ला नि:शेष भाग जाणार कसा? मुलीला लिहायला बसण्याआधी एवढंच विचारा, 'ही यादी संपणारी आहे की न संपणारी?' चार-पाच दिवस विचारलंत की ती स्वतःच स्वतःला विचारू लागेल.

आता सुटणाऱ्या विभाजकांचं. तिला विभाजक एकेकटे लिहू देऊ नका. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारायला सांगा आणि जोडीनं लिहून घ्या. डावीकडे १, उजवीकडे ८४. डावीकडे २, उजवीकडे ४२. मग ३ आणि २८. ४ आणि २१. ५ नं भाग जात नाही, सोडा. ६ आणि १४. ७ आणि १२. ८ नं जात नाही, ९ नं जात नाही. इथे थांबायचं. २१ आणि २८ शोधायला तिला जावंच लागलं नसतं, ३ आणि ४ यांनीच ते शेजारी आणून बसवले असते.

९ वर का थांबायचं, हे मात्र तिला नीट समजावून सांगा. नुसता नियम देऊ नका. जोडीतले दोन्ही विभाजक १० किंवा त्याहून मोठे असते, तर त्यांचा गुणाकार निदान १०० झाला असता. आपल्याला हवेत ८४. म्हणजे प्रत्येक जोडीत एक तरी विभाजक ९ किंवा त्याहून लहान असतोच. ९ पर्यंतचे सगळे तपासून झाले, की सगळ्या जोड्या हाताशी आल्या. कोणत्याही संख्येसाठी हेच: जिचा वर्ग त्या संख्येच्या पुढे जातो तिथे काम संपलं. मुलं विभाजकांना घाबरतात ते कुठे थांबायचं हे कुणी सांगत नाही म्हणून. सहावीच्या वर्गात मी हे सांगायला एक आख्खा तास घ्यायचे आणि तो तास मला कधीच जास्त वाटला नाही.

किती विभाजक यायला हवेत हे पडताळायलाही एक वाट आहे. ८४ चे मूळ अवयव पाडा: २ × २ × ३ × ७. कोणताही विभाजक या अवयवांतूनच तयार होतो. त्यात २ एकदाही न घेणं, एकदा घेणं, दोनदा घेणं, असे तीन पर्याय. ३ घेणं किंवा न घेणं, दोन पर्याय. ७ चेही दोन. ३ × २ × २ म्हणजे १२. वर मोजून बघा, सहा जोड्या, बारा विभाजक. मुलीचे दहाच आले तर दोन राहिलेत हे तिचं तिलाच कळेल.

एक अपवाद तिला भेटेलच. ३६ लिहिताना ६ ची जोडी ६ शीच लागते, म्हणून विभाजक ९ येतात, विषम. पूर्ण वर्ग संख्यांचंच असं होतं. सरावाला रोज एक संख्या पुरे. आधी ४८, ६०, ७२ अशा भरगच्च संख्या द्या, मग एखाद्या दिवशी ९७ द्या. नऊपर्यंत सगळे तपासून १ आणि ९७ ही एकच जोडी हाती आली, की मूळ संख्या म्हणजे काय हे तिला व्याख्या पाठ न करता समजेल.

बाई, मी एसटीत वाहक आहे. गाडी फलाटाला लागेपर्यंत समोरच्या गाड्यांचे नंबर बघून कोणती संख्या मूळ आहे ते ओळखायचा मला नाद आहे. पण चार आकडी संख्येला कुठवर भागत बसायचं? परवा ४०८७ वर अडकलो. कागद न घेता जमेल असं काही सांगा. (एक वाहक, कोल्हापूर)

भाऊ, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. इतका चांगला नाद मला फार दिवसांत कुणी कळवला नव्हता.

गाडीचा नंबर चार आकडी, म्हणजे फार तर ९९९९. शंभराचा वर्ग १०,०००. वर बार्शीच्या ताईंना जे लिहिलं तेच इथे लागू आहे: शंभराच्या आतच काम संपतं. शिवाय प्रत्येक संख्येनं भागायची गरज नाही, मूळ संख्यांनीच भागायचं. २ नं भाग गेला नाही तर ४, ६, ८ नं जाणारच नाही. शंभराच्या आत मूळ संख्या २५ आहेत. भारतातल्या कोणत्याही गाडीच्या नंबराचा निकाल या पंचवीस जणींच्या हाती आहे. तुमच्या ४०८७ ला तर सगळ्याही लागणार नाहीत. ६४ चा वर्ग ४०९६, तो पुढे गेला, म्हणून ६१ पर्यंतच्या अठरा पुरेत.

२, ३, ५, ११ तर नजरेनंच निघतात. शेवटचा अंक ७, म्हणून २ आणि ५ नाही. अंकांची बेरीज १९, म्हणून ३ नाही. एक सोडून एक अंक मिळवा, ४ + ८ = १२ आणि ० + ७ = ७, फरक ५, म्हणून ११ नाही.

आता एक युक्ती सांगते, ती चार आकडी नंबरासाठीच जणू बनली आहे. ७ × ११ × १३ = १००१. म्हणून पहिला अंक शेवटच्या तीन अंकांमधून वजा करा. ४०८७ मध्ये ८७ − ४ = ८३. ८३ ला ७, ११, १३ यांपैकी कुणीही जात नाही, म्हणून ४०८७ लाही जात नाही. एका वजाबाकीत तीन मूळ संख्या निकालात. असं का होतं? ४०८७ म्हणजे चार हजार सत्त्याऐंशी. त्यातून १००१ चार वेळा काढून घेतले तर ८३ उरतात. जे काढलं ते ७, ११, १३ यांच्या पटीतलंच होतं, मग उरलेल्यावरच निकाल ठरणार. ३७ साठी अशीच वाट ९९९ ची आहे, कारण २७ × ३७ = ९९९. इथे वजाबाकीऐवजी बेरीज करा: ८७ + ४ = ९१. सदतीस दुणे चौऱ्याहत्तर, सदतीस त्रिक एकशे अकरा, मध्ये ९१ बसत नाही. ३७ गेली.

उरल्या अकरा: १७, १९, २३, २९, ३१, ४१, ४३, ४७, ५३, ५९, ६१. यांच्यासाठी शेवटी शून्य आणायची पद्धत वापरा. जिनं भागायचं तिच्याच पाढ्यातली अशी संख्या मिळवा किंवा वजा करा की शेवटी शून्य येईल, मग ते शून्य सोडून द्या. २३ साठी: ४०८७ मध्ये २३ मिळवले, ४११०. शून्य सोडलं, ४११. तेवीस सतरे तीनशे एक्याण्णव, २० उरले. नाही. शून्य सोडलं तरी चालतं, कारण शून्य सोडणं म्हणजे १० नं भागणं, आणि १० मध्ये २ आणि ५ शिवाय कुणी मूळ संख्या नाही. असं करत शेवटच्या ६१ वर या. एकसष्ट सत्ते चारशे सत्तावीस. ४०८७ मधून ४२७ गेले, ३६६०. शून्य सोडलं, ३६६. एकसष्ट सक तीनशे सहासष्ट. भाग गेला! ४०८७ = ६१ × ६७.

अठरापैकी अठरावीनं ती पकडली. सतरा भागाकारांनंतर कंटाळून 'मूळ आहे' म्हणाला असतात तर उत्तर चुकलं असतं. मूळ संख्येच्या बाबतीत 'बहुतेक' चालत नाही.

तरीही इतक्या लांब जायच्या आधी एक छोटी तपासणी करून बघत जा. १७ व्या शतकातल्या फ्रान्समधल्या पिएर द फर्मा यांची ही वाट. नंबरात १, ४, ९, १६, २५, ३६, ४९ असे वर्ग मिळवून बघायचं, की दुसरा एखादा पूर्ण वर्ग येतो का. ४०८७ + ९ = ४०९६, म्हणजे ६४ चा वर्ग! मग ४०८७ = ६४² − ३², म्हणजे (६४ − ३) × (६४ + ३), म्हणजे ६१ × ६७. दहा सेकंदांचं काम. ३५९९ मध्ये १ मिळवला की ३६००, म्हणून ५९ × ६१. ८०५१ मध्ये ४९ मिळवले की ८१००, म्हणून ८३ × ९७. दोन अवयव एकमेकांच्या जवळ असले की ही वाट झटपट पोचवते. ४०८३ सारख्या संख्येला तिचा उपयोग नाही, कारण तिथे ३ × १३६१ असे दोन टोकांचे अवयव आहेत. पण अशा संख्या अंकांच्या बेरजेत आधीच सापडलेल्या असतात. म्हणून दोन्ही वाटा हाताशी हव्यात.

४०८७ च्या जवळच ४०९१ आणि ४०९३ आहेत. दोन्ही मूळ, मध्ये फक्त ४०९२. यांना जोडमूळ संख्या म्हणतात. त्या नंबरांच्या दोन गाड्या कधी शेजारी लागल्या तर मला जरूर कळवा.

१ ही मूळ संख्या का नाही? तिला १ नं आणि स्वतःनं, दोन्हींनी भाग जातो. (डी.एड.ची विद्यार्थिनी, परभणी)

मूळ संख्येला बरोबर दोन वेगळे विभाजक हवेत, १ ला एकच आहे. पण ही झाली व्याख्या. खरं कारण असं, की प्रत्येक संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात, क्रम सोडला तर. ८४ चे २ × २ × ३ × ७, दुसरे कोणतेच नाहीत. १ ला मूळ मानलं तर १ × २ × २ × ३ × ७, १ × १ × २ × २ × ३ × ७ असं कितीही लिहिता येईल आणि एवढा सुंदर नियम मोडेल. हे मत पूर्वीपासून ठरलेलं मात्र नव्हतं. अमेरिकेतल्या डी. एन. लेहमर यांनी १९१४ साली एक कोटीपर्यंतच्या मूळ संख्यांची जी यादी छापली तिची सुरुवात १ नं होते. तुम्ही उद्या शिकवाल तेव्हा १ ला 'मूळही नाही, संयुक्तही नाही' एवढ्यावर सोडू नका. अवयवांचं कारण सांगा. पाचवीच्या मुलांनाही ते पटतं.

आमच्या लहानपणी रुपयाचे सोळा आणे. १९५७ साली नवे पैसे आले तेव्हा वडील म्हणायचे, 'आता तिघांत रुपया सरळ वाटता येत नाही.' त्यांच्या म्हणण्यात गणित किती आणि सवय किती? (एक ज्येष्ठ वाचक, पंढरपूर)

आपल्या वडिलांचं म्हणणं गणितानं पूर्ण खरं होतं. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. १९२ = २ × २ × २ × २ × २ × २ × ३. त्या एका ३ मुळे तिघांत रुपया वाटला की प्रत्येकी ६४ पै, म्हणजे पाच आणे चार पै, एकही पै न उरता. सहा जणांत वाटला तर दोन आणे आठ पै. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० पैसे झाले. १०० मध्ये ३ हा अवयवच नाही, फक्त दोन २ आणि दोन ५. तिघांत ३३-३३ वाटून एक पैसा हातात राहणारच.

विभाजक मोजले तर १९२ ला १४ आहेत आणि १०० ला ९. १९२ ला ८, १६, २४, ३२, ४८, ६४ अशा किती तरी वाटण्या होतात. बाजारात पाव, अर्धा, पाऊण, दीडपाव करत व्यवहार करणाऱ्या माणसाला हे हाताला जाणवत असणार. एवढं मात्र शंभराच्या बाजूनं सांगायला हवं, की पाच जणांत जुना रुपया वाटता यायचा नाही. १९२ ला ५ नं भाग जात नाही. दशमान पद्धतीत हिशेब लिहायला सोपा झाला हेही मोठंच काम झालं.

दोन्ही गरजा भागवणारी संख्या आपल्या जुन्या कालमापनात होती. दिवसाच्या ६० घटका, घटकेची ६० पळं. १, २, ३, ४, ५, ६ या सगळ्यांनी नि:शेष भाग जाणारी सर्वांत लहान संख्या ६० आहे, म्हणजेच त्या सहांचा लसावि. तासाची ६० मिनिटं आपण आजही तशीच ठेवली आहेत, आणि मला ती कुणी शंभर करू नयेत असंच वाटतं. तिसरा हिस्सा वीस मिनिटांचा, पाचवा बारा मिनिटांचा, सहावा दहा मिनिटांचा. कुठे अपूर्णांक नाही.

मोबाइलवर एक संदेश फिरतोय: 'संख्येला ६ नं भागा. बाकी १ किंवा ५ उरली तर ती मूळ.' खरं आहे का? (वाचक, डोंबिवली)

अर्धं खरं आहे. २ आणि ३ सोडून प्रत्येक मूळ संख्येला ६ नं भागलं तर बाकी १ किंवा ५ उरते, कारण बाकी ०, २, ४ असेल तर ती सम आणि बाकी ३ असेल तर ३ च्या पटीतली. उलट दिशेनं मात्र हे लागू नाही. २५, ३५, ४९, ५५ बघा. ९१ ला ६ नं भागलं तर बाकी १. म्हणून बाकी ०, २, ३, ४ असेल तर मोठी संख्या लगेच बाद करा, १ किंवा ५ असेल तर तपासायला लागा. संदेश पुढे पाठवणार असाल तर दुरुस्त करून पाठवा, मुलं तो वाचतात.

शाळेत आम्हाला हर्षद संख्या सांगितल्या. मूळ संख्या हर्षद असू शकते का? (नववीतली विद्यार्थिनी, नाशिक रोड)

तू जिथे राहतेस तिथून जवळच देवळालीला दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर राहत होते. जन्म डहाणूचा, १९०५ चा. फर्ग्युसन कॉलेजात शिकले आणि १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. गणितातली मोठी पदवी नाही, विद्यापीठातली जागा नाही, तरी त्यांनी शोधलेल्या संख्यांवर आज जगभर लिहिलं जातं. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या मासिकात त्यांच्याबद्दल लिहिलं तेव्हा ते खूप लोकांपर्यंत पोचले. १९८६ साली ते गेले. शाळेच्या पगारावर राहून, रोजचे तास घेऊन, कागदावर आकडे मांडत त्यांनी हे केलं, याचा मला फार अभिमान वाटतो. हर्षद संख्या त्यांचीच.

ज्या संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेनं नि:शेष भाग जातो ती हर्षद. १८: बेरीज ९, भाग जातो. १७२९: बेरीज १९, आणि १९ × ९१ = १७२९. आता तुझा प्रश्न. २, ३, ५, ७ या एक अंकी मूळ संख्या हर्षद आहेत, कारण त्यांची बेरीज त्या स्वतःच. दोन किंवा जास्त अंकांच्या मूळ संख्येचं बघू. अंकांची बेरीज नेहमी संख्येपेक्षा लहान असते. मूळ संख्येला तिच्यापेक्षा लहान असा एकच विभाजक, १. म्हणजे अंकांची बेरीज १ हवी. तशा संख्या १०, १००, १००० याच, आणि त्या मूळ नाहीत. म्हणून दोन अंकांपासून पुढे एकही मूळ संख्या हर्षद नाही, कितीही लांब गेलीस तरी. चार ओळींत आपण अगणित संख्यांबद्दल खात्रीनं बोललो, हे लक्षात आलं का?

कापरेकरांचा ६१७४ तुला माहीत असेल. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घे, अंक उतरत्या क्रमानं मांड, चढत्या क्रमानं मांड, वजा कर, पुन्हा तेच कर. २०२७ घेऊ, ती मूळ आहे. ७२२० − ०२२७ = ६९९३. ९९६३ − ३६९९ = ६२६४. ६६४२ − २४६६ = ४१७६. ७६४१ − १४६७ = ६१७४. फार तर सात पायऱ्यांत तिथे पोचतेस. आता विभाजकांच्या नजरेनं बघ. पहिल्या वजाबाकीनंतरच्या सगळ्या संख्या ९ च्या पटीत आहेत, कारण तेच अंक उलटसुलट मांडले तरी त्यांची बेरीज तीच राहते. ६१७४ = २ × ३ × ३ × ७ × ७ × ७. अंकांची बेरीज १८, आणि १८ × ३४३ = ६१७४. म्हणजे ती हर्षदही आहे. तिचे विभाजक किती, ते वर ८४ साठी सांगितलेल्या पद्धतीनं तूच काढ.

बँकेच्या सुरक्षेसाठी शेकडो अंकी मूळ संख्या वापरतात म्हणे. संगणकसुद्धा वर्गमूळापर्यंत भागत बसतो का? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

नाही, तसा बसला तर विश्वाच्या वयाइतका वेळही पुरणार नाही. तिथे संख्येचा विभाजक न शोधताच ती मूळ आहे का ते ठरवतात. याची सुरुवातही फर्मांपासूनच होते. संख्या p मूळ असेल आणि २ ही तिच्या पटीत नसेल, तर २ चा (p − १) वा घात घेऊन p नं भागल्यावर बाकी १ उरते. ७ साठी: २ चा सहावा घात ६४, ६४ = ६३ + १. मोठ्या संख्येचा असा घात संगणक फार लवकर काढतो. बाकी १ आली नाही तर संख्या नक्की संयुक्त, तिचा एकही अवयव माहीत नसताना!

पण बाकी १ आली म्हणजे मूळच, असं नाही. ३४१ बघ. २ चा दहावा घात १०२४, आणि १०२४ = ३ × ३४१ + १. म्हणून ३४० व्या घातालाही बाकी १ च. तरी ३४१ = ११ × ३१. २ ऐवजी ३ घेतला की ती पकडली जाते, बाकी ५६ येते. ५६१ = ३ × ११ × १७ ही आणखी अवघड, तिच्याशी सामाईक अवयव नसलेला कोणताही पाया घेतला तरी बाकी १. म्हणून प्रत्यक्षात याहून कडक कसोट्या लावतात.

खात्रीचं आणि तरीही लवकर संपणारं उत्तर देणारी पद्धत असू शकते का, हा प्रश्न फार वर्षं खुला होता. ऑगस्ट २००२ मध्ये कानपूरच्या आयआयटीतल्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी तशी पद्धत देऊन तो सोडवला. कयाल आणि सक्सेना त्या वेळी नुकतेच बी.टेक. झालेले विद्यार्थी होते, म्हणजे तुझ्याहून थोडेच मोठे. रोजच्या वापरात संगणक दुसऱ्या, जास्त वेगवान कसोट्या वापरतो, पण त्या शोधनिबंधानं मूळ प्रश्नाचा निकाल लावला.

सुरक्षेचं मर्म वेगळ्याच गोष्टीत आहे. संख्या मूळ आहे का हे ठरवणं सोपं, पण संयुक्त संख्येचे अवयव शोधणं कठीण. रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन यांनी १९७७ साली संदेश गुप्त ठेवायची त्यांची पद्धत या फरकावरच उभी केली. त्यांनी दिलेल्या १२९ अंकी संख्येचे अवयव निघायला १९९४ साल उजाडलं. वाहक भाऊंच्या ४०८७ ला शेवटपर्यंत भागत जावं लागलं, तीच अडचण इथे शेकडो अंकांची झालेली आहे.

बाई, मी २ + १, २ × ३ + १, २ × ३ × ५ + १ असं करत गेलो. ३, ७, ३१, २११, २३११ सगळ्या मूळ आल्या! मूळ संख्या बनवायचं सूत्र मिळालं का? (नववीतला विद्यार्थी, रत्नागिरी)

पाच वेळा जमलं म्हणून सहावी तू करून बघितलीस का? २ × ३ × ५ × ७ × ११ × १३ + १ = ३००३१. भागायला लाग. १३ पर्यंत सगळ्यांची बाकी १ येणार हे तुला माहीत आहे. १७ पासून पुढे जा आणि सोडू नकोस. ५९ ला पोचलास की भाग जाईल: ५९ × ५०९ = ३००३१.

म्हणजे सूत्र मिळालं नाही. पण तुझ्या हाती जे लागलं आहे ते सूत्रापेक्षा मोठं आहे. ३००३१ मूळ नसली तरी तिचे मूळ अवयव ५९ आणि ५०९ हे दोन्ही तुझ्या यादीतल्या १३ च्या पुढचे आहेत. तसं व्हायलाच हवं, कारण यादीतल्या प्रत्येकीची बाकी १ उरते. कितीही मूळ संख्या गोळा कर, त्यांचा गुणाकार करून १ मिळव, त्या संख्येचा जो कोणता मूळ अवयव असेल तो तुझ्या यादीत नसणार. म्हणून मूळ संख्यांची यादी कधी पुरी होत नाही. युक्लिडनं दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी हेच मांडलं, आणि तू त्याच्या दारापर्यंत स्वतः चालत गेलास.

आता पुढची कर: ५१०५१०, त्यात १ मिळवून ५१०५११. हिला तीन मूळ अवयव आहेत आणि तिन्ही १७ पेक्षा मोठे. पहिला तुला पहिल्याच भागाकारात सापडेल. भागाकार येईल त्याला पुन्हा भागत जा, १६३ च्या पुढे जायची गरज नाही. का नाही, तेही पत्रात लिही.